टांगलेली भट्टी

जयगडच्या खाडीच्या मुखाशी जेएसडब्ल्यू एनर्जीचा औष्णिक वीज प्रकल्प आहे. प्रत्येकी ३०० मेगावॉटचे चार संच, एकूण १,२०० मेगावॉट. २०१० आणि २०११ या दोन वर्षांत ते एकामागून एक चालू झाले. बॉयलर आणि टर्बाइन चीनच्या शांघाय इलेक्ट्रिककडून आले. कोळसा परदेशातून जहाजाने शेजारच्या जयगड बंदरात उतरतो. या प्रकल्पावर रत्नागिरीत पुष्कळ बोलले गेले: हापूसच्या मोहोरावर धुराचा परिणाम होतो का, राखेचे काय करायचे, मच्छीमारांनी कुठे जायचे. हे प्रश्न खरे आहेत आणि ते विचारले जायलाच हवेत. पण ज्या यंत्राभोवती हे सगळे फिरते ते यंत्र उभे कसे राहते, हे सहसा कोणी विचारत नाही. उत्तर असे की ते उभे नाहीच. लांबून दिसणाऱ्या त्या उंच चौकोनी सांगाड्यांच्या आत काही हजार टन वजनाचा एकेक बॉयलर वरून खाली टांगलेला आहे. त्याचा तळ जमिनीला टेकत नाही, तो टेकू द्यायचाच नसतो. तापलेल्या पोलादाला हलायला वाव देणे हा मोठ्या बॉयलरच्या सुरक्षिततेचा पाया आहे. बॉयलर तपासताना आपण दाबाकडे जेवढे लक्ष देतो तेवढे या हालचालीकडे देत नाही, आणि यापुढे तसे करून चालणार नाही, असे माझे म्हणणे आहे.

हिशेब साधा आहे. या आकाराच्या बॉयलरमध्ये पाण्याच्या नळ्यांतला दाब वातावरणाच्या दाबाच्या पावणेदोनशे पटींच्या घरात असतो. त्या दाबाला पाणी सुमारे ३५५ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून भट्टीच्या भिंतीही साधारण त्याच तापमानाला येतात. पोलाद दर अंशाला आपल्या लांबीच्या सुमारे दहा लाखांश भागांच्या बारापट वाढते. छतापासून तळापर्यंत पन्नास मीटर उंचीची भिंत ३० अंशांवरून ३५५ अंशांवर गेली की ती जवळपास वीस सेंटिमीटर लांब होते. चौदा मीटर रुंदीची भिंत आडवी पाच-साडेपाच सेंटिमीटर वाढते. म्हणजे थंड बॉयलर पेटवून पूर्ण दाबाला नेला की त्याचा तळ जवळजवळ एक वीत खाली सरकतो आणि बॉयलर थंड झाला की परत वर येतो. आता समजा, ही वाढ होऊच द्यायची नाही असे ठरवून भिंत वरखाली घट्ट आवळून धरली. तेव्हा पोलादात निर्माण होणारा ताण दर चौरस मिलिमीटरला सातशे न्यूटनांच्या पुढे जातो. बांधकामाचे साधे पोलाद अडीचशेच्या आसपास कायमचे वाकू लागते. जगातला कोणताही पाया, कोणताही खांब ही वाढ रोखू शकत नाही. रोखायला गेलो तर एक तर खांब वाकेल किंवा नळी फाटेल. त्यामुळे वाढ थांबवायची कशी, हा प्रश्न बॉयलर बांधणाऱ्यांनी फार पूर्वीच सोडून दिला. ती कोणत्या दिशेने जाऊ द्यायची, एवढेच त्यांच्या हातात उरले.

हे शहाणपण एका दिवसात आले नाही. गिरणगावातल्या आणि सोलापुरातल्या कापड गिरण्यांत ज्या लँकेशायर बॉयलरांनी पिढ्यान् पिढ्या वाफ पुरवली, तो नमुना विल्यम फेअरबेर्न यांनी १८४४ मध्ये इंग्लंडात पुढे आणला. लोखंडाचे आडवे लांब पिंप, त्याच्या आत जाळाच्या दोन नळ्या आणि बाहेरून विटांचे बांधकाम. धूर पिंपाच्या पोटाखालून व कुशीवरून फिरवायचा, तर त्याची वाट या विटांच्या भिंतीच घडवत. अग्निवीट उष्णतेला दाद देत नाही, पण तिला ओढ सहन होत नाही. ती तापली की फुगते, निवली की आखडते, आणि प्रत्येक फेरीत चुन्याच्या वा मातीच्या सांध्यात बारीक भेग उरते. भेगेतून थंड हवा आत शिरते, जाळ मंदावतो, कोळसा जास्त लागतो. म्हणून भिंतीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी उभे बार लावून ते आरपार सळ्यांनी एकमेकांना बांधत, म्हणजे भिंत बाहेर फुगणार नाही. लहान भट्टीला हे पुरले. पण भट्टी जशी उंच होत गेली तशी विटेची मर्यादा उघडी पडली: खालच्या थरावर वरच्या थरांचे वजन, त्यात आतून पोळणारा जाळ. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत मिलवॉकी शहराच्या वीजकेंद्रांत कोळशाची पूड करून ती हवेबरोबर फुंकून जाळायला सुरुवात झाली, तेव्हा तर वितळलेली राख विटांना चिकटून त्यांना खाऊ लागली.

उपाय असा निघाला की विटांच्या भिंतीच्या जागी पाण्याच्या नळ्यांचीच भिंत करायची. भट्टीच्या चारी बाजूंना उभ्या नळ्या शेजारी शेजारी, त्यांच्यातून सतत पाणी वाहते. जाळ तेराशे-चौदाशे अंशांचा असला तरी नळीचा धातू पाण्यामुळे चारशेच्या आसपासच राहतो. एका झटक्यात भिंत थंडही झाली आणि वाफ करायला जागाही वाढली. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर दोन नळ्यांमध्ये पोलादाची अरुंद पट्टी वेल्ड करून अखंड, हवाबंद पत्र्यासारखी भिंत बनवण्याची पद्धत रूढ झाली. जयगडसारख्या आजच्या केंद्रांतली भट्टी या जातीची असते. विटा आणि रिफ्रॅक्टरी आता बर्नरच्या तोंडाशी, दारांभोवती आणि छताच्या सांध्यांतच उरली. पण या बदलाने एक नवा प्रश्न उभा केला, आणि माझ्या मते खरी कथा तिथूनच सुरू होते. विटांची भिंत निदान आपल्या पायावर उभी होती. ही नवी भिंत साठ-सत्तर मिलिमीटर व्यासाच्या, सहा-सात मिलिमीटर कवचाच्या नळ्यांची. पन्नास मीटर उंचीला इतकी बारीक नळी खालून टेकवून उभी केली तर ती स्वतःच्या वजनाने, वरच्या ओझ्याने आणि तापण्याने मधेच वाकेल. तीच नळी वरून लोंबकळत सोडली तर तिच्यावर फक्त ओढ येते, आणि ओढ हा पोलादाचा हातखंडा गुण आहे. शिवाय वर धरून ठेवली की वाढायला खालची दिशा मोकळी राहते. वाफेचा ड्रम आणि टर्बाइनकडे जाणारे जाडजूड नळ वरच्या बाजूला असतात, तिथली हालचाल त्यामुळे आटोक्यात राहते. सगळी भटकंती तळाकडे ढकलली जाते, जिथे राख पडण्याखेरीज कुणाशी घट्ट नाते नसते. तळाच्या राखेच्या हॉपरभोवती पाण्याची पन्हळ असते. हॉपरच्या कडेचा पत्रा त्या पाण्यात बुडालेला असतो. भट्टी खाली-वर झाली तरी पत्रा पाण्यातच राहतो, बाहेरची हवा आत येत नाही आणि कुठे घासटही होत नाही.

कोकणातल्या ओटीवरचा झोपाळा जसा तुळईला कड्यांनी टांगलेला असतो, तसाच हा बॉयलर, फक्त तुळई साठ-सत्तर मीटरांवर आणि कड्या शेकडो. बाहेरच्या पोलादी खांबांच्या माथ्यावर प्रचंड गर्डर टाकलेले असतात. त्या गर्डरांवरून जाड पोलादी रॉड खाली उतरतात. त्यांना प्रकल्पांत सगळे हँगरच म्हणतात. काही हँगर भिंतींचे वजन घेतात, काही वाफ तापवणाऱ्या नळ्यांच्या झुपक्यांचे. दीडशे-दोनशे टनांच्या घरातला ड्रम इंग्रजी यू अक्षरासारख्या पट्ट्यांत घेतलेला असतो. जिथे वजन धरून ठेवायचे आणि वरखालीही होऊ द्यायचे, तिथे स्प्रिंगचे हँगर येतात. या रचनेमुळे बांधकामाचा क्रमही घराच्या उलट होतो. घर पायापासून छताकडे जाते. इथे खांब उभे राहिले की आधी छताचे गर्डर, मग ड्रम तिरका करून खांबांच्या मधून ओढून वर नेणे, त्यानंतर भिंतींचे पट्टे वरून खाली एकेक जोडत येणे, आणि राखेचा तळ सर्वांत शेवटी. ज्या रिगरांनी आणि वेल्डरांनी हे काम केले, त्यांच्या कौशल्याची नोंद उद्घाटनाच्या शिलालेखात नसते, हे मला नेहमी खटकते. बॉयलर पुरा झाला की दाबाच्या चाचणीसाठी तो पाण्याने काठोकाठ भरतात, एरवी फक्त वाफ असणाऱ्या नळ्यासुद्धा. हँगरांवरचा भार सहसा तेव्हा सर्वाधिक असतो. वाफ पहिल्यांदा निघण्याआधीच गर्डरांनी आपली मोठी परीक्षा दिलेली असते.

टांगलेल्या वस्तूचा मोठा दुबळेपणा म्हणजे आडवे जोर. भट्टीत हवा एका पंख्याने ढकलली आणि धूर दुसऱ्याने ओढला जातो, दोन्हींचा तोल असा राखतात की आत किंचित पोकळी राहावी. पण जाळ अचानक विझला किंवा साचलेल्या इंधनाने भडका घेतला तर हा तोल क्षणात बिघडतो. अमेरिकेतली एनएफपीए ८५ ही संहिता मोठ्या भट्टीचे बांधकाम सुमारे ८.७ किलोपास्कलचा क्षणिक दाब सोसेल असे धरायला सांगते. आकडा ऐकायला लहान वाटतो, वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम बाराव्या भागाएवढा. पण चौदा मीटर रुंद आणि चाळीस मीटर उंच भिंतीवर तो लागला की एकूण रेटा पाचशे टनांच्या आसपास जातो. सहा-सात मिलिमीटर कवचाच्या नळ्यांची चादर हा रेटा एकटी झेलूच शकत नाही. म्हणून भट्टीभोवती ठरावीक अंतरावर पोलादी तुळयांचे आडवे पट्टे असतात, त्यांना बकस्टे म्हणतात. गंमत अशी की हे पट्टे उष्णतारोधक थराच्या बाहेर, म्हणून थंड. आणि ज्या भिंतीला ते सावरतात ती साडेतीनशे अंशांवर. दोन्ही एकमेकांना वेल्ड केले तर भिंतीची वाढ पट्टा रोखेल आणि कोपऱ्यातली नळी फाटेल. म्हणून त्यांच्यातला सांधा सरकता ठेवतात: रेटा पलीकडे पोचेल, पण लांबीतला फरक अडणार नाही. हे पट्टे भिंतीलाच लटकलेले असतात आणि तिच्याबरोबर खाली उतरतात. इतक्या बारकाईचा विचार ज्या सांध्यात ओतला आहे, तो राखेने भरला, गंजून धरला किंवा कुणी सोयीसाठी तिथे एक कोन वेल्ड केला, तर नकाशावरची सगळी हुशारी वाया जाते.

वारा आणि भूकंप यांचे जोरही आडवेच. कोकणच्या किनाऱ्याला ते परके नाहीत. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सह्याद्रीच्या अगदी पलीकडच्या कुशीत झाला आणि त्याचे धक्के रत्नागिरी जिल्ह्याने चांगले अनुभवले. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडात बागा आणि घरे उद्ध्वस्त केली, त्याच्या पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर सरकत गेले. टांगलेला बॉयलर अशा वेळी झुलू नये म्हणून बकस्टे आणि बाहेरचे खांब यांच्यामध्ये मार्गदर्शक अडसर असतात. ते भिंतीच्या मध्यरेषेवर बसवतात, कारण भिंत मध्यापासून दोन्हीकडे वाढते आणि मध्यरेषा जागची हलत नाही. अडसर बॉयलरला वरखाली जाऊ देतो, बाजूला जाऊ देत नाही. त्यात सोडलेली फट काही मिलिमीटरांची. ती जास्त असेल तर धक्का बसताना हजारो टन आपटतील, नसेलच तर बॉयलर अडकेल. जयगडला पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक आणि समुद्राची खारी हवा बारा महिने. तिथे ही फट गंजाने भरून येणे ही दुर्मिळ घटना मानता येणार नाही. आतल्या नळीला लागणाऱ्या रसायनांचा अभ्यास प्रकल्पांत रोज होतो. बाहेरच्या या फटींना तेवढे रोजचे मानकरी नाहीत.

यावर प्रकल्पात काम करणारा माणूस पहिला आक्षेप घेईल तो रास्त वाटतो. तो म्हणेल, बॉयलर बंद पडतात ते नळ्या फुटल्यामुळे. गर्डर तुटून बॉयलर खाली आला असे चालत्या केंद्रात कुठे ऐकले आहे? मग लक्ष कुठे द्यायचे ते उघड आहे. पण नळी फुटली, एवढे म्हणून कारण सांगून होत नाही. काही नळ्या राखेच्या घासण्याने झिजतात, काही आतून गंजतात, काही जास्त तापतात. आणि काही फुटतात त्या नेमक्या पट्टीच्या टोकाशी, भट्टीच्या कोपऱ्यात, एखादा कंस वेल्ड केलेल्या जागी. तिथे भेग का पडली याचा शोध घेतला तर उत्तर पुष्कळदा नळीत नसून ती जिथे अडकली त्या जागेत सापडते. एक हँगर ढिला झाला की त्याच्या वाट्याचे वजन शेजारच्या दोघांवर जाते, भिंत किंचित तिरकी होते, कोपऱ्यावर ओढ वाढते. नळी फुटल्यावर वेल्डर ती दुरुस्त करतो, नोंदवहीत गळती अशी नोंद होते आणि संच पुन्हा चालू होतो. ढिला हँगर तसाच राहतो. पुढच्या वर्षी नळी त्याच कोपऱ्यात फुटते. नळी सांगून फुटते आणि आधार न सांगता बिघडत जातो. म्हणून नोंदींची संख्या मोजून कशाकडे लक्ष द्यायचे ते ठरवणे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप कायद्याचा. बॉयलरइतकी कडक सरकारी तपासणी फार थोड्या यंत्रांना आहे, मग आणखी काय हवे? १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे दगावली, त्यानंतर १८६४ मध्ये बंगालमध्ये तपासणीचा कायदा झाला. पुढे देशासाठी १९२३ चा बॉयलर कायदा आला, १९५० ची नियमावली आली, आणि आता २०२५ च्या नव्या अधिनियमाने जुन्याची जागा घेतली आहे. महाराष्ट्रात बाष्पके संचालनालय हे काम पाहते. या व्यवस्थेने असंख्य जीव वाचवले आहेत, तिची किंमत कमी लेखणे कृतघ्नपणाचे होईल. पण तिचा जन्म स्फोटातून झाला, आणि म्हणून तिचा मुख्य रोख दाबाखालच्या भागांवर आहे: कवचाची जाडी, वेल्डिंग, सेफ्टी व्हॉल्व्ह, पाण्याची चाचणी. शिवाय आतून तपासणी होते ती बॉयलर बंद आणि थंड असताना, माणूस आत जाऊ शकतो तेव्हाच. आधाराचा दोष मात्र थंड आणि गरम या दोन अवस्था शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. थंड बॉयलरमध्ये सगळे हँगर सरळ दिसतील. पूर्ण तापल्यावर डावा कोपरा वीस सेंटिमीटर उतरला आणि उजवा चौदाच, हे कळायला कुणीतरी तापल्यावर पाहायला हवे. त्यासाठी फार महाग साधन लागत नाही. मोठ्या बॉयलरच्या कोपऱ्यांवर वाढ दाखवणारे काटे आणि पट्ट्या बांधतानाच बसवतात. संच चालू करताना दर टप्प्याला ते वाचून, संकल्पनेतल्या आकड्यांशी ताडून पाहणे एवढेच काम. तो काटा रंगाखाली बुजला असेल किंवा पट्टी पडून गेली असेल, तर बॉयलर अडला आहे हे सांगणारा एकमेव साक्षीदार गेला.

वजनाचा प्रश्नही बॉयलर बांधून झाला की संपत नाही. छताच्या नळ्या आणि गर्डर यांच्यामधल्या बंदिस्त जागेला पेंटहाउस म्हणतात. छताचे सांधे गळू लागले की बारीक राख तिथे साठते, हँगरांवर ओझे वाढते आणि राखेत गाडलेला रॉड ठरल्यापेक्षा जास्त तापतो. तळाची गोष्ट याहून गंभीर. चौदा बाय तेरा मीटरच्या भट्टीत राख तळापासून एक मीटर चढली तर ढोबळ हिशेबाने दीडशे टनांच्या आसपास ओझे होते, आणि ते अखेर त्याच हँगरांना पेलायचे असते. १ नोव्हेंबर २०१७ ला उत्तर प्रदेशात उंचाहार येथे एनटीपीसीच्या ५०० मेगावॉटच्या नव्या संचात भट्टीच्या तळाशी राख साठत गेली, आतला दाब एकाएकी वाढला, गरम वायू आणि राख बाहेर उसळली. चाळीसहून अधिक माणसे गेली. ती दुर्घटना हँगर तुटल्याने झाली असे मी म्हणत नाही. पण भट्टीचा तळ हा निव्वळ राख काढण्याचा रस्ता नसून टांगलेल्या बांधकामाचा एक भाग आहे, तिथे किती ओझे आहे हे सतत कळले पाहिजे, आणि शंका येताच भार उतरवून संच थांबवण्याचा अधिकार पाळीवरच्या अभियंत्याला निर्धास्त वापरता आला पाहिजे. तिथे जीव गेलेल्यांत बहुतेक कामगार होते, हे विसरून या विषयावर लिहिता येत नाही.

तिसरा आक्षेप काळाचा: कोळशाचे दिवस भरत आले, सौरऊर्जा येते आहे, मग या जुन्या पोलादाची चिंता कशाला? मला वाटते चिंता आताच जास्त हवी, आणि तीही सौरऊर्जेमुळेच. दुपारी सूर्याची वीज भरपूर असते तेव्हा कोळशाच्या संचांनी खाली उतरायचे आणि संध्याकाळी झपाट्याने वर यायचे, अशी व्यवस्था देशात येत आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या नियमांनी या संचांना टप्प्याटप्प्याने ४० टक्के भारापर्यंत उतरता आले पाहिजे असे ठरवले आहे. यातले बरेच संच एकाच भारावर महिनोन्महिने चालण्याच्या कल्पनेने बांधले गेले. भार कमी करताना दाबही कमी होऊ दिला, समजा वातावरणाच्या शंभरपटीपर्यंत, तर पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे ३११ अंशांवर येतो. म्हणजे भिंती चाळीस-पंचेचाळीस अंशांनी निवतात आणि पन्नास मीटरांचा बॉयलर जवळपास पावणेतीन सेंटिमीटर वर ओढला जातो. संध्याकाळी परत खाली. पूर्वी वर्षाकाठी मोजक्या वेळा होणारी हालचाल रोजची झाली. ज्या सरकत्या सांध्यांवर, ज्या वेल्डवर, ज्या स्प्रिंगांवर ती पडते त्यांच्या थकव्याचा हिशेब नव्याने मांडावा लागेल. केंद्राच्या नियंत्रण यंत्रणेवर आणि बर्नरवर यासाठी खर्च होईल, त्याबरोबर हँगरांचा भार मोजण्यावर, अडसरांच्या फटी साफ करण्यावर आणि वाढीचे काटे पुन्हा बसवण्यावर थोडा खर्च झाला तर तो सर्वांत स्वस्त भाग ठरेल.

आणि कोळसा गेला म्हणून बॉयलर जात नाही. गुहागर तालुक्यात अंजनवेलला रत्नागिरी गॅस अँड पॉवरचा, लोकांच्या तोंडी दाभोळचाच असलेला, १,९६७ मेगावॉटचा प्रकल्प आहे. तिथे कोळशाची भट्टी नाही, पण गॅस टर्बाइनच्या गरम धुरातून वाफ करणारे बॉयलर आहेत. या जातीच्या बॉयलरांतही नळ्यांचे झुपके बहुधा वरूनच टांगलेले असतात. गॅसच्या टंचाईमुळे तो प्रकल्प पूर्ण क्षमतेने क्वचितच चालला, आणि चालू-बंद होणे तर टांगलेल्या नळ्यांना सलग चालण्यापेक्षा अधिक जाचते. लोटे-परशुरामच्या रासायनिक कारखान्यांत, आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या आणि काजूबी वाफवणाऱ्या उद्योगांत लहान आडवे बॉयलर असतात. ते जमिनीवरच दोन बैठकांवर ठेवलेले. चार मीटर लांबीचे पिंप दीडशे अंशांनी तापले की सात मिलिमीटर वाढते. एवढ्यासाठी दोनपैकी एक बैठक सरकती ठेवायची असते. नवी फरशी करताना ती बैठक सिमेंटमध्ये गाडली गेली, तर छोट्या बॉयलरचेही तेच होते जे मोठ्याचे होते.

कोळशाचे संच खरोखर निवृत्त होतील तेव्हा या टांगलेल्या रचनेचा विचार शेवटचा पण सर्वांत जोखमीचा ठरेल. इंग्लंडमध्ये डिडकॉट ए हे केंद्र १९७० पासून चालले, २०१३ मध्ये बंद झाले, आणि २३ फेब्रुवारी २०१६ ला पाडण्याची तयारी सुरू असताना त्याच्या बॉयलर हाउसचा मोठा भाग कोसळून चार कामगार गेले. बॉयलर ज्या क्रमाने टांगला त्याच्या उलट क्रमाने तो उतरवावा लागतो. खांब कापायच्या आधी माथ्यावर नेमके किती वजन कुठे लटकले आहे हे माहीत नसेल, तर कटर चालवणारा माणूस अंधारात काम करत असतो. जयगडचे संच आज दीड दशकाचे आहेत, त्यांना पाडायला अवकाश आहे. पण चीनमध्ये काढलेले त्यांचे नकाशे, प्रत्येक हँगरचा ठरलेला भार, मधल्या वर्षांत झालेले बदल, नव्याने बसवलेल्या नळ्यांचे वजन आणि वाढीच्या काट्यांची थंड-गरम वाचने हे सगळे एकत्र, वाचता येईल अशा स्वरूपात जपण्याचे काम आजच्या पाळीवरच्या माणसांनाच करावे लागेल. हे कागद प्रकल्पाच्या कपाटात तर हवेतच, त्यांची एक प्रत बाष्पके संचालनालयाकडेही असायला हवी, म्हणजे मालक बदलला, ठेकेदार बदलला तरी तीस वर्षांनी कटर हातात घेणाऱ्या कामगाराला ती मागता येईल.